चाळीस जणांचं एक ताट

धाकट्याचा हिशेब साधा होता. तीन रविवार खर्ची घालून एक प्रोग्रॅम लिहायचा आणि त्या बदल्यात घरातली मागची खोली मिळवायची. खोलीला दोन खिडक्या होत्या, फळ्या ठोकता येतील अशी एक अख्खी भिंत होती आणि दार लावलं की पुढच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत नसे. अडचण एवढीच, की त्या खोलीत आई राहत होती.

धाकटा म्हणजे चाळिशी गाठलेला, डोक्यावर विरळ झालेला गृहस्थ. पण भावंडं दोनच, आणि थोरली ताई असल्यावर याची धाकटेपणातून सुटका नव्हती. तो घरी बसून जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, जेवणाच्या टेबलावर, भाजीच्या टोपलीशेजारी. ताई एका वृद्धनिवासाची व्यवस्थापक होती. निवासात चाळीस खाटा, दोन मजले आणि एक लांबट जेवणाची खोली. प्रतीक्षायादीत अकरा नावं.

"आईला तुझ्याकडे घेतेस का?" धाकट्याने विचारलं होतं.

"माझ्याकडे म्हणजे घरी, का निवासात?" ताईने ताबडतोब खुलासा मागितला. दोन्हींत फरक होता आणि घरी ती घेणार नव्हती.

"निवासात."

"पुढे अकरा जण आहेत."

"यादी कोण ठेवतं?"

"मीच ठेवते."

"मग?"

ताईने चष्मा काढून पदराने पुसला. ती चष्मा पुसायला लागली की सौद्याला तयार असते, हे धाकट्याला शाळेच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तेव्हा रंगीत खडूंच्या बदल्यात ती त्याच्याकडून आपलं दप्तर उचलून घ्यायची.

ताईचं दुखणं स्वयंपाकघरात होतं. चाळीस माणसांची चाळीस पथ्यं. कुणाला मीठ वर्ज्य, कुणाला तेल, कुणाला दात नाहीत म्हणून दळून. सगळं एका तेलकट वहीत लिहिलेलं, आणि वहीतलं अक्षर स्वयंपाकाच्या मावशींशिवाय कुणालाच लागत नसे. रोज जेवताना भांडणं व्हायची: त्याला का आणि मला का नाही. विश्वस्त ताईची नेमणूक कायम करायला वर्षभर टाळाटाळ करत होते आणि दर वेळी या भांडणांकडेच बोट दाखवत होते. रोज सकाळी खोलीवार, नाववार, स्वच्छ छापील कागद स्वयंपाकघरात गेला असता तर ताईची नेमणूक पक्की झाली असती. एक माणूस गेल्या महिन्यात वारला होता. चाळिसावी खाट रिकामी होती. बहीणभावांनी एकमेकांना चहासुद्धा न पाजता व्यवहार पुरा केला.

आईला विचारलं नाही, असं म्हणता येणार नाही. "तुला तिथे सोबत होईल," असं तिला सांगितलं गेलं. आई मान हलवून म्हणाली, "फळ्या कधी ठोकतोयस?" सुताराशी तो फोनवर बोलला होता, ते तिने ऐकलं होतं.

प्रोग्रॅम काही अवघड नव्हता. निवासातला प्रत्येक माणूस म्हणजे एक ऑब्जेक्ट, म्हणजे कप्प्याकप्प्यांचा एक डबा. एका कप्प्यात नाव, एकात खोलीचा नंबर, एकात ताट. ताटात पुन्हा चार वाट्या: मीठ, तिखट, तेल, आणि चौथीत घास चावून खायचा की दळलेला. असे चाळीस डबे, जो ज्या क्रमाने निवासात आला त्या क्रमाने एका ओळीत मांडले, की झाला अ‍ॅरे. मग लूप. लूप म्हणजे पंगतीत फिरणारा वाढपी. पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत प्रत्येकापुढे थांबायचं, त्याचं पथ्य वाचायचं, त्याच्या ताटात तसं मांडायचं, पुढे सरकायचं. फेरी संपली की दुसरा वाढपी निघायचा आणि ज्याच्या त्याच्या ताटात काय आहे ते कागदावर छापायचा.

धाकट्याने तपासूनही पाहिलं. पहिला वाढपी जसजसा पुढे जाईल तसतसं समोरच्या ताटात काय मांडलं ते पडद्यावर उमटेल, अशी सोय केली. चाळीस ओळी उमटल्या, चाळीसही बरोबर. त्याने हात वर करून आळस दिला. वाढपी ज्याच्यापुढे उभा होता, त्याच्याच ताटात त्याने डोकावून पाहिलं होतं. वाढपी पुढे गेल्यावर मागच्यांच्या ताटांचं काय झालं, ते वळून पाहायची तसदी घेतली नव्हती.

एकोणचाळीस जणांची पथ्यं ताईने मावशींना शेजारी बसवून नीट भरली. चाळिसावं नाव आईचं. तो अर्ज धाकट्याने भरला, सिग्नलला गाडी थांबलेली असताना, फोनवर, अंगठ्याने. मीठ? नको. तिखट? नको. तेल? नको. दळून? हो. म्हातारं माणूस, जितकं वर्ज्य तितकी काळजी जास्त, असा त्याचा समज. सिग्नल सुटायच्या आत काळजी घेऊन झाली. शेजारच्या सीटवर आई पिशवी मांडीवर धरून बसली होती. सदुसष्टाव्या वर्षी तिच्या तोंडात अठ्ठावीस दात होते, सगळे स्वतःचे, आणि ती हिरवी मिरची मिठाला लावून चावून खायची. चाळीस वर्षं तिच्यासमोर बसून जेवलेल्या माणसाला हे आठवायला काही हरकत नव्हती.

आईला ठेवल्यावर चौथ्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशींचा फोन आला. सुतार भिंतीला टेप लावून उभा होता.

"दादा, ते कागदावर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखंच येतंय हो."

"असेल मग सारखं."

"चाळीसच्या चाळीस जणांना? मीठ नको, तिखट नको, तेल नको, दळून?"

"मावशी, कॉम्प्युटर आपल्यासारखा विसरत नाही. कागदावर आहे ते करत राहा."

"बरं," मावशी म्हणाल्या. "मला काय, चार पातेली कमी घासायची."

सुताराने विचारलं, फळी किती रुंद. धाकट्याने हाताने दाखवली.

पहिला रविवार फळ्यांत गेला, दुसरा रंगात. तिसऱ्या रविवारी, आईला ठेवून एकविसाव्या दिवशी, तो भेटायला गेला. जेवायची वेळ होती. खोलीच्या दारातच त्याला वास आला. कुजका नव्हता, करपलेला नव्हता. ओल्या पुठ्ठ्यावर गरम पाणी ओतावं तसा. चाळीस माणसं लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बसली होती आणि कुणी बोलत नव्हतं. नुसते चमच्यांचे आवाज. प्रत्येकापुढे एक खोलगट ताटली, आणि प्रत्येक ताटलीत तोच लगदा: भोपळा, तांदूळ आणि कसलीतरी डाळ एकत्र उकडून दळलेली, रंग जुन्या बँडेजचा, वर थंड होऊन धरलेली साय. चमचा लावला की साय सुरकुतायची आणि चमच्यामागून ओढली जायची.

"या, इंजिनियरसाहेब," आईशेजारी बसलेले हेडमास्तर म्हणाले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी बोलताना ते समोरच्याला बाकावर उभं करायचे. "तुमच्या मातोश्री रोज सांगतात, हे सगळं माझ्या मुलाने बनवलंय. मी म्हणतो, चवीवरून कळतंच आहे."

"यांचं मनावर घेऊ नकोस," आई म्हणाली. "बस. खाऊन घे."

तिने मनगट वर केलं तशी बांगडी घसरत कोपरापर्यंत गेली. धाकट्याने ते पाहिलं, पण त्याच वेळी त्याच्यापुढेही एक ताटली आली होती. नाही म्हणणं बरं दिसेना. त्याने चमचा भरला आणि तोंडात घातला.

जिभेला चव अशी काही लागलीच नाही, नुसती ऊब लागली. कुणाच्या तरी तोंडात आधी फिरून आल्यासारखी. घास गिळावा की नाही याचा विचार करत असताना दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. त्याने बोटांनी बाहेर काढलं. लगद्यात माखलेली सोन्याची पातळ अंगठी.

"अगंबाई, ती माझी," टेबलाच्या पलीकडून शिंपीणबाई म्हणाल्या. जन्मभर शिवणकाम करून त्यांची बोटं वाकडी झाली होती. आता ती काड्यांसारखीही झाली होती. "काल रात्री जेवताना कुठे गेली कळेना. सैल झाली होती हो."

"काल रात्री?" धाकटा म्हणाला.

"कालच की."

त्याने ताटलीकडे पाहिलं. मग उठून स्वयंपाकघरात गेला. मावशी एका मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होत्या. शेजारी, जेवून झालेल्यांच्या परत आलेल्या ताटल्यांची चळत होती, आणि मदतीची बाई त्यांतलं उरलेलं चमच्याने निपटून पुन्हा त्याच पातेल्यात टाकत होती.

"हे काय चाललंय?"

"सगळं सारखंच तर आहे, दादा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "याचं त्याला चालतं. आधी जमत नव्हतं, कुणाचं तिखट, कुणाचं गोड. आता उरलेलं वाया घालवायचं कशाला? पुढच्या जेवणाला पाणी घालून एक उकळी आणते. स्वच्छ असतं."

धाकट्याने मोरी गाठली. घास आला, सकाळचा चहा आला आणि मग नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत राहिल्या. मावशींनी तांब्या पुढे केला, तो त्याला हातात घेववेना. तिथल्या कुठल्याच भांड्याला हात लावायची त्याची इच्छा राहिली नव्हती.

ताईच्या ऑफिसात जाऊन त्याने प्रोग्रॅम उघडला. आधी फेरी चालू असतानाच्या ओळी पाहिल्या. चाळीसही बरोबर: हेडमास्तरांना मीठ नाही, तेल नाही, शिंपीणबाईंना सगळं, चावून. मग फेरी संपल्यानंतरची ताटं पाहिली. चाळीसही सारखी.

चूक सापडायला चार मिनिटं लागली, आणि सापडली ती जेमतेम एका ओळीची. प्रत्येकाला सुरुवातीला द्यायला म्हणून त्याने एक कोरं ताट बनवलं होतं. ते बनवलं होतं फेरीच्या आधी, एकदाच. मग फेरीत प्रत्येकाच्या कप्प्यात तेच ठेवलं. त्याला वाटलं होतं, ठेवताना प्रत्येकाला एकेक नवं मिळतं. तसं मिळत नाही. ऑब्जेक्ट दुसऱ्या कप्प्यात ठेवला म्हणजे त्याची नक्कल होत नाही, त्याच वस्तूकडे जायची आणखी एक वाट होते, एवढंच. चाळीस माणसांना चाळीस नावं होती, चाळीस खोल्या होत्या, ताट मात्र सगळ्यांत मिळून एकच होतं. वाढपी पहिल्याचं पथ्य त्यात मांडायचा, दुसऱ्याकडे गेला की तेच पुसून दुसऱ्याचं मांडायचा. शेवटच्याचं मांडून झालं की पुसायला पुढे कुणी नसे. जे शेवटच्याचं, तेच सगळ्यांचं.

नवं शिकणाऱ्याने करावी अशी चूक. पंधरा वर्षं या कामात असलेल्या माणसाची ती मनातल्या मनात फळ्या मोजता मोजता झाली होती.

ताई आत आली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्या ओल्या तोंडाकडे.

"कळलं वाटतं तुला," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. डोळे आहेत मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा जेवताना भांडण झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सगळ्यांना सारखंच म्हटल्यावर कोण कुणाच्या ताटात बघणार? म्हटलं, थोडे दिवस पाहावं." तिने चष्मा काढला. "मंगळवारी विश्वस्त येऊन गेले. म्हणाले, किती शांतता आहे. पुढच्या सोमवारी नेमणुकीच्या कागदावर सह्या आहेत."

"शिंपीणबाईंची बोटं पाहिलीस?"

"त्या आधीपासूनच बारीक आहेत."

"उष्टं परत पातेल्यात टाकतात, तुला ठाऊक आहे?"

ताईने चष्म्याची काच उजेडाकडे धरली. "मी स्वयंपाकघरात फारशी जात नाही," ती म्हणाली. ती स्वतःचा डबा घरून आणते, हे त्याच वेळी धाकट्याच्या नजरेला पडलं. टेबलाच्या कडेला, कापडात गुंडाळलेला, तीन पुडांचा.

त्याला बहिणीची किळस आली. पाठोपाठ चौथ्या दिवशीचा मावशींचा फोन आठवला, आणि किळस फार लांब जाऊ शकली नाही, तिथल्या तिथेच त्याच्याभोवती फिरत राहिली.

"मी सांगतो सगळ्यांना. माझी चूक आहे, मी सांगतो."

"सांग की. मग विश्वस्त विचारतील, हे काम भावाला कसं दिलं. त्याच्या बदल्यात काय दिलं. अकरा जणांना ओलांडून तुझी आई आत कशी आली."

"माझी आई?"

"बरं, आपली. पण परत जायची ती तुझ्याच घरी."

आईच्या बाबतीत दोघांचं हे जुनं होतं. तिच्या हातच्या स्वयंपाकाचं कौतुक चाललं की ती माझी आई, आणि तिला दवाखान्यात न्यायचं असलं की तुझी.

धाकटा पुन्हा पडद्याकडे वळला. मागच्या खोलीत फळ्या बसल्या होत्या. त्यांना लावलेल्या पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. त्याने कोरं ताट बनवण्याची ओळ उचलली आणि फेरीच्या आत नेऊन ठेवली. आता वाढपी प्रत्येकापुढे थांबून आधी नवं ताट घेणार होता. एवढंच काम. उद्या सकाळपासून ज्याचं त्याला. कुणाला काही सांगायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. मावशींना सांगायचं, पथ्यं पुन्हा तपासली आहेत. आणि ताटातलं पातेल्यात टाकायचं बंद. ताई याला कबूल झाली. नेमणुकीला आठ दिवस होते, आठ दिवसांतली भांडणं ती सांभाळून घेणार होती.

गाजावाजा न करता दुरुस्त करायचं म्हटल्यावर अर्ज पुन्हा कुणी वाचायला घेतले नाहीत. चूक लूपमध्ये होती, ती निघाली. निघताना तो आईला भेटलाही नाही, कारण तिच्या तोंडाला त्या लगद्याचा वास येत असेल असं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी जेवणाची खोली लांबूनच ऐकू आली. "यांना लोणचं, आणि आम्हाला काय पाप लागलंय?" असा हेडमास्तरांचा आवाज सगळ्यांच्या वर. शिंपीणबाईंनी अंगठीला दोरा गुंडाळून ती बोटात घट्ट बसवली होती आणि भाजी दोनदा मागून घेतली. ताटं रंगीबेरंगी होती, गोंगाट होता, वास चक्क जेवणाचा होता. धाकटा दारात उभा राहून ताटं मोजत गेला, मालकाने दुकान पाहावं तसा. एक, दोन, तीन. एकोणचाळिसाव्यापर्यंत त्याचा चेहरा खुलत गेला.

चाळिसाव्या जागी आई बसली होती. तिच्यापुढे खोलगट ताटली होती. जुन्या बँडेजच्या रंगाची. साय धरलेली.

तो आधी धावला तो स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या कागदाकडे. लूप अजून बिघडलेलाच असता तर बरं झालं असतं. कागद बरोबर होता. एकोणचाळीस ओळी निरनिराळ्या, आणि चाळिसावी अर्जात होती तशी: मीठ नको, तिखट नको, तेल नको, दळून. त्याच्या स्वतःच्या अंगठ्याने लिहिलेली.

तो आईशेजारी येऊन बसला. आज तिच्या हातात बांगडी नव्हती.

"आई, हे तू का खातेयस?"

"म्हणजे?" आईने चमचा खाली ठेवला. "तूच लिहिलंयस ना?"

"मी... हो. पण तू विचारायचं तरी."

"सगळ्यांना तेच होतं तोवर म्हटलं, इथली पद्धत असेल. मग सोमवारी सगळ्यांचं बदललं, माझंच तेवढं राहिलं. मावशींनी कागद दाखवला, तुमच्या मुलानेच भरलंय म्हणाल्या. तेव्हा आलं लक्षात." ती हळू आवाजात, हेडमास्तरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलत होती. "मला इथे इतक्या घाईने का आणलंत, तेही कळलं. डॉक्टरांनी तुम्हा दोघांना काही सांगितलं असणार. तू सांगितलं नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही. उगाच तुला जड गेलं असतं. आता सांग. कुठे आहे? पोटात?"

"तुला काही झालेलं नाही, आई."

"असंच सांगतात," आई म्हणाली. तिला तेही सोपं करून द्यायचं होतं. तिने कनवटीची कागदाची पुडी काढून त्याच्या मुठीत दिली. "ही तुझ्या बायकोला दे. दुसरी ताईला दिली, गुरुवारी."

"ताईने घेतली?"

"घेतली की. नको कशाला म्हणेल?"

धाकट्याने फोन काढला, अर्ज उघडला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा आईला विचारलं, तुला मीठ चालतं का. आईने त्याच्याकडे पाहिलं. मरणाऱ्या माणसाचे लाड करतात तसलंच हे काहीतरी असणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "एखादी मिरची मिळाली तर बरं," ती म्हणाली, "आता कशाला जपायचं?"

सोमवारी ताईच्या कागदावर सह्या झाल्या. तेव्हा जमाखर्च असा: ताईला नेमणूक आणि एक बांगडी. धाकट्याला खोली, फळ्या आणि एक बांगडी. मावशींची चार पातेली पुन्हा वाढली, पण ती त्यांची आधीचीच होती. एकोणचाळीस जणांनी एकवीस दिवस एकमेकांचं उष्टं खाल्लं, शिंपीणबाईंनी त्यावर साडेचार किलो वजन दिलं, आणि त्यांना त्याचं कारण कुणी सांगितलं नाही. आईने अठ्ठावीस दिवस भरले. त्यांतले शेवटचे सात ती मरायची तयारी करत होती. आणि मिरची मिळायला लागल्यापासून तर तिची खात्रीच पटली आहे.